पाठची रूम

“बघ तरी गो भितूर येऊन,” ग्लिनिस म्हणाली.

रॉविना उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आठ वर्षांची पोर, दप्तर अजून पाठीवर. तिने मान आत घातली, पलंग बघितला, भिंतीवरचा खेकडा बघितला आणि मान बाहेर काढली.

“बरी आसा,” ती म्हणाली. दुसऱ्याच्या घरी चहा बरा झालाय म्हणावं, तशी. मग स्वयंपाकघरात निघून गेली. ग्लिनिस हातात ब्रश घेऊन उभी राहिली. तो धुवायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

मालवणच्या किनाऱ्यावरचं घर. चार खोल्या, चारही पर्यटकांच्या. ग्लिनिस, केव्हिन आणि त्यांची ही एकुलती पोर स्वयंपाकघरात चटया टाकून झोपत, मासळीच्या फ्रीजच्या घरघरीत. पहाटे बाजाराला जायला केव्हिन उठला की सगळेच उठत. रॉविना वर्गात पेंगते, असा शाळेतून निरोप आला. केव्हिनला एकच उपाय सुचला. “नाताळ झालो की तिका म्हापशाक आंटीगेर पाठवया. थंय तिका वेगळी रूम आसा. अभ्यासाक टेबल आसा.”

“रूम होयी तर मी करतंय,” ग्लिनिस म्हणाली होती. “पोरगी खंय जावची नाय.”

मागच्या दाराशी नारळ आणि फाटकी जाळी टाकायची एक खोली होती. ती तिने रिकामी केली. यातलं तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. मोबाइलवर परदेशातल्या मुलांच्या खोल्या बघितल्या. त्या खोल्यांत मूल कुठेच दिसत नाही, हे तिला जरा चमत्कारिक वाटलं. पण कल्पना उचलल्या. सुताराकडून पलंग उंच करून घेतला. खाली पडदा सोडला, लपायला गुहा. खुंट्या रॉविनाच्या खांद्याइतक्या, म्हणजे फ्रॉक तिचा तिला टांगता यावा. खेळणी जमिनीलगतच्या फळीवर. खिडकीची कड रुंद करून तिचंच टेबल. एक भिंत काळी रंगवली, खडूने गिरवायला. दुसरीवर पाठीला दप्तर लावलेला खेकडा काढला. तो आडवा आडवाच शाळेत निघाला होता. हे सगळं दुपारी, पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर आणि चादरी भिजवायच्या आधी.

त्या रात्री रॉविनाने आपली चटई फ्रीजजवळच पसरली. पुढच्या रात्रीही.

ग्लिनिसला वाटलं, खेकडा भेसूर झाला असेल. तिने त्याला हसरं तोंड काढलं. मग वाटलं, पलंग उंच झाला. शिडीला एक पायरी वाढवून घेतली. मग पडदा बदलला. नवी चादर घातली, सुरकुती राहू दिली नाही. सवयीने पायथ्याशी टॉवेलाची घडीही ठेवली. रॉविना रोज उंबऱ्याशी यायची, बघायची आणि “बरी आसा” म्हणून वळायची.

“तिका नको ती रूम,” केव्हिन म्हणाला. रागाने नाही, रागवायला त्याच्यात बळ उरलं नव्हतं. “उगाच खपलंस तू. पुण्याची एक फॅमिली विचारता हा, ल्हान पोरगो आसा तेंका. तेंकाच दिवया. आंटीक मी फोन करतंय.”

ग्लिनिसने बादली उचलली. तिला चादरी वाळत घालायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रॉविना शाळेतून आली, तेव्हा आई त्या खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली होती. पाहुणे बाहेर फिरायला गेलेले. पोर नेहमीसारखी उंबऱ्याशी थांबली.

“काय कमी आसा गो हेच्यात?” ग्लिनिसने विचारलं. “सांग तू. माका आता समजणा नाय.”

“काय कमी नाय.”

“मगे?”

रॉविना दाराच्या चौकटीवरचा नवा रंग नखाने खरवडत राहिली. “माका म्हापशाक जावचा नाय.”

“अगो, तू जाव नये म्हणानच केलंय मी ही रूम.”

पोरीने आईकडे बघितलं. इतकी साधी गोष्ट मोठ्या माणसाला समजावून सांगायची तिलाच लाज वाटत होती.

“तू ज्येंका रूम दितंस, ते सगळे जातत,” ती म्हणाली. “ऱ्हवणारी माणसां किचनात निजतत.”

ग्लिनिस भिंतीला धरून उठली. स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्या चटया काखेत मारून आली. तिची तेलकट उशी आली, केव्हिनची गोधडी आली. ते सगळं तिने खोलीच्या मधोमध टाकलं. इतक्या मेहनतीने केलेली खोली एका क्षणात जत्रेतल्या दुकानासारखी दिसायला लागली. ग्लिनिस त्या पसाऱ्यात आडवी झाली. पाय गुहेत गेले, डोकं टेबलाखाली. तेवढीच जागा होती.

रॉविनाने चपला काढल्या आणि पाय आत टाकला.

अंगणातून केव्हिनची हाक आली. “ग्लिनिस, ती पुण्याची फॅमिली फोनार आसा. पाठची रूम रिकामी म्हणान सांगू मा?”

“नको,” ग्लिनिस डोळे न उघडताच म्हणाली. “हंय घरची माणसां ऱ्हवाक इली.”