देवीचा बांध

मंजुनाथनं जेसीबी बंद केला, खाली उतरून चपला काढल्या आणि बांधाला हात जोडले.

"इथं अव्वा बसलीय, देवी. मी नाही खणणार."

झालं!

बांध मातीचा. वरच्या अंगाला गुरुप्रसादच्या म्हशींच्या डेअरीचं शेणपाणी तळ्यासारखं साचलेलं, खालच्या अंगाला गोदावरीचं घर. महिनाभर तिच्या मागच्या भिंतीशी काळं पाणी पाझरत होतं. नात त्याच भिंतीला लागून झोपायची. गुरुप्रसाद म्हणे, बांध पंचायतीच्या जागेत आहे. पंचायत म्हणे, बांध डेअरीचा. शेवटी वरून दम आला, तेव्हा कुठं अळणावरहून जेसीबी आला. पाणी निम्मं उपसून झालं होतं. आता पोकळ माती खणायची आणि पाऊस पडायच्या आत बांध पुन्हा ठोकून घ्यायचा.

गुरुप्रसादला मात्र सुटल्यासारखं वाटलं. बांध आता ना माझा ना पंचायतीचा, देवीचा आहे, तीच बघून घेईल, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. लोकांनी माना डोलावल्या.

ही देवी कुठून आली ते एकट्या गोदावरीला ठाऊक होतं. गेल्या वर्षी डेअरीचा ट्रॅक्टर बांधावरूनच जायचा आणि ढेकळं तिच्या अंगणात पडायची. सांगून सांगून जीभ झिजली. मग एका पहाटे तिनं बांधावर एक दगड रोवला, हळदकुंकू वाहिलं, दोन झेंडूची फुलं ठेवली. ट्रॅक्टर त्याच दिवसापासून वळसा घालून जाऊ लागला. तिला भारी आनंद झाला. पण पुढं नारळ आले, बांगड्या आल्या, मंगळवारचा नैवेद्य आला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! जाता-येता तीही हात जोडू लागली होती.

आता मात्र तिला राहवलं नाही. ती मंजुनाथला म्हणाली,

"ती देवी मी बसवलीय, अण्णा. माझ्या घरातला दगड आहे तो."

शेजारची सुमन पुढं आली आणि गोदावरीच्या पायावर डोकं ठेवून मोकळी झाली. अंगात आलंय, कुणीतरी पुटपुटलं. नवरा परशुराम तिचा हात धरून गप्प बस म्हणून विनवू लागला. तिनं शपथ घेतली, तर तीही देवीचीच वाणी ठरली. खरं बोलायचीही सोय उरली नव्हती. तिला रडू आलं. लोकांनी त्यालाही हात जोडले.

तिनं डोळे पुसले, सरळ जाऊन दगड हलवून उपटला आणि कडेवर घेतला. कुणी अडवलं नाही. देवीला कोण अडवणार? लोक बाजूला झाले आणि तिच्या मागोमाग अंगणापर्यंत आले.

तिनं दगडावर घागर ओतली. हळदकुंकवाची पुटं लालभडक होऊन वाहून गेली. मागच्या दारी वर्षभर वरवंट्याविना पडलेला पाटा होता. दगडाला तिनं एकदा कपाळ टेकवलं. मग पाट्यावर मिरच्या टाकल्या, लसूण टाकला, मीठ टाकलं आणि तोच दगडाचा वरवंटा फिरवू लागली.

"अक्का, अव्वा कुठं गेली?" मंजुनाथनं घाबरत विचारलं.

"चटणी वाटतेय."

त्यानं वाकून पाट्यावरचा वरवंटा पाहिला. मग बांधावर गेला आणि चपला पायात सरकवल्या.