भर दुकानात

पाळीच्या वेदनांनी चंचलला दर महिन्याला घेरी यायची. नागपूरच्या डॉक्टरांनी एंडोमेट्रिऑसिस हा गर्भाशयाच्या अस्तराचा आजार असल्याचं सांगून हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. संत्री मंडीत उतरवून पुंडलिकराव लेकीला घेऊन पांढुर्ण्यातल्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं चिठ्ठी वाचून भर गर्दीत विचारलं, “काकाजी, ह्या तं पाळी बंद ठेवाच्या गोळ्या! लग्नाआधी पोरीले कायले देता?” सगळ्यांच्या माना वळल्या. चंचलनं बापाची बाही ओढली, “बाबा, चला.” पाळी हा शब्द पुंडलिकरावांनी लेकीसमोर कधीच उच्चारला नव्हता. पण ते हलले नाहीत. “पाळीत पोरगी बेशुद्ध पडते माही. दुखणं थांबवाले देल्या डॉक्टरनं,” ते मोठ्यानं म्हणाले. गोळ्या घेऊन दोघं पायऱ्या उतरली. मागून एक बाई धावत आली. “भाऊ, त्या डॉक्टरचा पत्ता द्या ना. माही पोरगीबी पोट धरून लोळून राहिली.”