अकरा सेकंदांच्या आधी

“हा आवाज ब्रायनीचाच! पैज लावा.” ग्लेनिसने पावासाठी उभ्या असलेल्या पाच-सहा जणांसमोर तिसऱ्यांदा फोन धरला. रस्त्याकडेला पडलेली कांगारूची मादी. कोडी नावाचं कार्टं चाकाच्या पान्याने तिच्या डोक्यात हाणतंय. आणि मागून पोरीचा आवाज, “अजून एक, कोडी! जोरात!” अकरा सेकंद. बस्स.

“आणि हिला जनावरांची नर्स व्हायचंय म्हणे!” ग्लेनिस म्हणाली. गिऱ्हाइकं हसली.

ब्रायनी दर शनिवारी ग्लेनिसच्या याच बेकरीत कामाला यायची. आज नेमकी आली नव्हती. दुपारच्या आत ग्लेनिसने तिला फोनवरूनच काढून टाकलं, गावाच्या पेजवर तिचं नाव फोटोसकट टाकलं आणि नर्सिंगच्या कॉलेजला दिलेलं शिफारसपत्रही मागे घेतलं. संध्याकाळपर्यंत खाली नऊशे शिव्या जमल्या. कुणीतरी पोरीच्या दारावर लाल रंगाने ‘खुनी’ लिहून आलं. ग्लेनिसला बाई काय हलकं वाटलं! एरवी गाव तिच्याच घराबद्दल कुजबुजायचं. तिचा नवरा क्लिफ पिऊन गाडी चालवताना दोनदा सापडला होता. लायसन्स जप्त होतं, आणि पुन्हा स्टिअरिंगवर दिसलास तर सरळ तुरुंग, असं कोर्टाने बजावलं होतं.

सोमवारी दुकान बंद व्हायच्या वेळी ब्रायनी एप्रन परत करायला आली. डोळे सुजलेले. स्वेटरच्या आत पोटाशी उशीचा अभ्रा बांधलेला, आणि तो हलत होता.

“आता हे काय नवीन नाटक?”

“पिल्लू आहे. तिच्या पिशवीतलं,” ब्रायनी म्हणाली. “शुक्रवारी एक गाडी तिला उडवून गेली. कंबर मोडली होती हो, तडफडत होती. डॉक्टर यायला दोन तास लागणार होते. कोडी एक घाव घालून रडायलाच लागला, म्हणून मी ओरडले. सुटू दे एकदाची, म्हणून.”

“आणि यावर कोण विश्वास ठेवणार?”

ब्रायनीने नखाएवढं कार्ड काउंटरवर ठेवलं. “कोडीच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं. यात सुरुवातीपासून सगळं आहे. कोडीने मित्राला तुकडा पाठवला, तेव्हा आधीचा भाग मीच काढायला लावला. उद्यापर्यंत कॉलेजला दाखवलं नाही, तर माझी जागा गेली. पण तुम्हाला विचारल्याशिवाय कसं दाखवू?”

“मला कशाला विचारायचं?”

“बघा ना.”

ग्लेनिसने कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं. रस्त्यावर पुढे एक करडी गाडी झोकांड्या खात चाललेली. कांगारू उडालं. गाडी थांबली नाही. मागच्या काचेवर ‘ग्लेनिस बेकरी’ स्पष्ट वाचता येत होतं. शुक्रवारी क्लिफने तिला सांगितलं होतं की गाडी अंगणातच खांबाला घासली.

तिने कार्ड काढून मुठीत घेतलं. मग मऊ आवाजात म्हणाली, “हे आणखी कुणाकडे आहे?”

“कुणाकडेच नाही. कोडीच्या फोनातलं मी पुसायला लावलं. क्लिफकाका तुरुंगात गेले असते ना.”

“गुणाची गं माझी पोर!” ग्लेनिसने तिला जवळ घेतलं. अभ्र्यात डोकावून पिल्लाच्या कानावरून बोटही फिरवलं. “कार्ड राहू दे माझ्याकडे. काकांशी बोलते आणि कॉलेजला मीच फोन करते. तू निश्चिंत घरी जा.”

ब्रायनी रडता रडता हसली. जाताना ग्लेनिसने तिच्या हातात लॅमिंग्टन केकचं खोकं दिलं.

दार लागलं. भट्टी अजून तापलेली होती. ग्लेनिसने झाकण उघडून कार्ड आत टाकलं, हात धुतले आणि शनिवारच्या मजकुराखाली लिहिलं:

“ब्रायनी आज दुकानात येऊन माझ्यासमोर सगळं कबूल करून गेली. आईला मारून पिल्लूही पळवलंय तिने. तिच्या घरीच आहे, मी या डोळ्यांनी पाहिलं.”