बारा थेंब

तिसरा झिंगा आडवा पडला, तेव्हा टाकीवालीने कपाळ काचेला टेकवलं.

पाऊण तासापूर्वी सगळं ठीक होतं. काकूंच्या दिवाणखान्यातल्या माशांच्या चार फुटी काचेच्या टाकीतलं थोडं जुनं पाणी तिने नळीने काढलं, माजलेलं शेवाळ कात्रीने कापलं आणि नळाच्या ताज्या पाण्याच्या तीन बादल्या हळूहळू ओतल्या. लोकांच्या घरच्या अशा टाक्या सांभाळणं हाच तिचा धंदा, दर आठवड्याला हेच चालायचं. पण आज पाणी स्थिर होतं न होतं तोच नखाएवढे लाल झिंगे वेड्यासारखे धावू लागले. काचेवर आपटू लागले. मग एकेक जण हिरवळीवर आडवा होऊन पाय झाडू लागला. मासे मागच्या लाकडाआड दडून बसले.

ही टाकी तिने आठ महिने खपून उभी केली होती. लाकडाला शेवाळ दोऱ्याने बांधलं होतं, तळाच्या हिरवळीची काडी न् काडी चिमट्याने रोवली होती. झाडं मुकी असतात असं म्हणणाऱ्याने कधी टाकी सांभाळलेली नसते. पाण्यातली झाडं पक्की चुगलखोर. जरा हयगय केली की पान पिवळं करून घरभर सांगतात. झिंगे तर त्यांच्याही वरताण. पाण्यात खोट असली की सगळ्यांत आधी तेच जातात.

गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांकडच्या टाकीत झाडांसाठी सोडायच्या गॅसची चावी तिच्या हातून अर्धा आटा जास्त फिरली आणि अकरा मासे गेले. चूक तिचीच होती. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि सहांपैकी पाच टाक्या हातच्या गेल्या. घरी आई, आईच्या गोळ्या, आणि कमाईला उरली ही एकच टाकी. इथल्या काकूंनी तिला ठेवून घेतलं खरं, पण दारातच बजावलं होतं, "ऐकलंय मी सगळं. माझ्याकडे असलं काही झालं ना, तर बादली उचलायची आणि चालू लागायचं. जीव आहेत ते, खेळणी नाहीत."

आता काकू आत स्वयंपाकघरात होत्या. सहा महिन्यांच्या नातीशी त्यांचं बोबडं बोलणं चाललं होतं. टाकीवालीने पटकन पाण्यात हात घातला, पडलेले झिंगे वेचले आणि मूठ मिटून घेतली. चोरी न करताच ती चोर झाली होती.

काय चुकलं? ती मनातल्या मनात स्वतःची झडती घेऊ लागली. क्लोरीन मारायचे थेंब? टाकले. बादलीला बारा, तिन्ही बादल्यांना. त्या डॉक्टरांकडच्या प्रकारापासून ती मोठ्याने मोजायची. हाताला साबण? नाही, कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुतले होते. बादली कुणी दुसऱ्या कशाला वापरली? छे! उशाशी घेऊन झोपायचीच काय ती बाकी होती. झाडांचं खत? आज घातलंच नव्हतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, तरी काचेपलीकडे सातवा पडला होता.

मग राहिलं काय? राहिलं नळाचं पाणी.

येताना जिन्यात भेटलेले डासांच्या औषधाचे फवारणीवाले तिला आठवले. तोंडाला फडकी बांधून, पाठीवर पंप घेऊन गच्चीवरून उतरत होते. गच्चीवर इमारतीची पाण्याची टाकी होती. तिचं झाकण कधी नीट बसायचं नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

टाकीवालीचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. सुटले, सुटले, असं म्हणत ती तशीच ओल्या हाताने स्वयंपाकघरात धावली.

"काकू, माझी चूक नाही!" तिने काकूंसमोर मूठ उघडली. "हे बघा, झिंगे मेलेत. तुमच्या नळाच्या पाण्यातच विष आहे. वरच्या टाकीत फवारणीचं औषध पडलंय!"

काकूंनी झिंग्यांकडे पाहिलंच नाही. त्या मांडीवरच्या नातीकडे बघत होत्या. नातीच्या ओठांवर दुधाचा फेस होता. काकूंच्या हातातली बाटली रिकामी होती.

"पावडरचं दूध आहे," काकू म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटेना. "पण मी पाणी उकळून घेतलं होतं गं. चांगलं खळखळ उकळलं होतं."

उकळल्याने जंतू मरतात, औषध मरत नाही. टाकीवालीला हे माहीत होतं. तिच्या हातांनी काम सुरू केलं. शेगडी बंद केली, दुधाची बाटली पिशवीत टाकली, बादलीतलं उरलेलं घोटभर पाणी रिकाम्या बरणीत भरून बूच घट्ट लावलं. "काकू, उठा. दवाखान्यात चला. आत्ता."

काकू अनवाणीच जिना उतरू लागल्या. खांद्यावर टेकलेली नात मागून येणाऱ्या टाकीवालीकडे बघून हसत होती.

एकेक पायरी उतरताना टाकीवालीने आपली झडती पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या बादलीला बारा आकडे म्हटले, पण थेंब खरंच पडले का? हाताला साबण राहिला असेल. नक्की राहिला असेल. बादली कुणीतरी वापरली असेल, त्याशिवाय का असं होतं? देवा, चूक माझीच निघू दे.