तारघराचे नकाशे

"लगदा? तारघराच्या नकाशांचा लगदा?" तिचा आवाज वाचनालयाच्या तिन्ही खोल्यांत घुमला. पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. ग्रंथपालांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ती जुन्या इमारती जतन करणारी वास्तुविशारद. जुनं तारघर पाडू नये म्हणून दोन वर्षं कचेरीचे उंबरठे झिजवत होती. आज चार वाजता शेवटची सुनावणी होती. मागच्या खेपेला साहेबांनी तिच्या टिपणांची वही आणि झेरॉक्स बाजूला सारून बजावलं होतं, "मॅडम, तोंडी सांगून चालणार नाही. कागद दाखवा. मूळ." मूळ कागद एकाच पुस्तकात होता. जाड, निळ्या बांधणीचं, घरी न्यायची परवानगी नसलेलं. महिनाभर ती अर्जांच्या धावपळीत इकडे फिरकली नव्हती, आणि आता त्या जागेवर स्पर्धा परीक्षांची गाइडं ऐटीत उभी होती.

"दहा वर्षांत कुणी वाचलं नाही ते काढून टाकायचं, असा समितीचा ठराव झाला," ग्रंथपाल म्हणाले. "रद्दीवाला गाडीच घेऊन आला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाढवाला गुळाची चव काय, असं ती तोंडावर म्हणाली. समितीची अक्कल काढली, ग्रंथपालांच्या तीस वर्षांच्या नोकरीचा उद्धार केला. "आणि कुणी वाचलं नाही कसं? मी वाचत होते! दोन वर्षं, दर शनिवारी, त्या खिडकीपाशी! तुमच्या डोळ्यांसमोर, काका!"

"समोरच होतात. आणि दर शनिवारी मी घसा फोडून सांगत होतो, ताई, वाचायला घेतल्याची चिठ्ठी भरा!" आता त्यांचाही आवाज चढला. त्यांनी चिठ्ठ्यांच्या नोंदींचं रजिस्टर तिच्यापुढे आपटलं.

ती पानं उलटत गेली. तिचं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? आपण कोणता पुरावा जमवतोय याचा तारघराच्या जागेवर टपलेल्या बिल्डरला सुगावा लागू नये, म्हणून तिनं एकदाही चिठ्ठी भरली नव्हती. "नुसतं चाळतेय हो," म्हणून वेळ मारून नेली होती.

"भांडलो मी समितीशी," ग्रंथपाल म्हणाले. "सांगितलं, एक ताई दर शनिवारी येऊन हेच पुस्तक वाचतात. तर म्हणाले, तोंडी सांगून चालणार नाही. कागद दाखवा."