सगळं छान, ताई

हेमांगीच्या कानातलं यंत्र मीटिंगच्या मधोमध बंद पडलं, आणि वर्षभर "जरा भरभर उरकू या हं" म्हणणारे भडकमकर साहेब एकदम खेकसले, "फुकटचा पगार घ्यायला लाज वाटत नाही?"

ती दचकली. बाकी सगळे हसतमुख. विमा कंपनीच्या त्या अख्ख्या मजल्यावर प्रत्येकाच्या कानात असलं यंत्र होतं. कुणी काहीही बोललं तरी ऐकणाऱ्यापर्यंत ते गोड होऊनच पोचायचं. म्हणे, वातावरण सुधारतं!

शेजारी निनाद बसला होता. तिने सवयीने हळूच विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?" रोज तो म्हणायचा, "सगळं छान, ताई."

"छातीत दुखतंय, ताई. रजा देत नाहीत."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून रोज हेच सांगतोय तुम्हाला."

हेमांगीच्या मस्तकात तिडीक गेली. साहेबांनाही 'होय सर, आनंदाने' एवढंच ऐकू येत असणार. त्यांचं यंत्र उपटून काढल्याशिवाय त्यांना कळायचं नाही! खुर्ची मागे ढकलून ती तरातरा पुढे गेली आणि तिने थेट त्यांच्या कानाला हात घातला.

कानात यंत्रच नव्हतं. दुसऱ्या कानातही नव्हतं.

"जागेवर जा," साहेब थंडपणे म्हणाले. "त्याचं रडगाणं मी रोज ऐकतो."

हेमांगीने हात मागे घेतला नाही. तोच कान धरून तिने करकचून पिळला. साहेब जिवाच्या आकांताने ओरडले. मजल्यावर सगळ्यांना ते नेहमीसारखं गोडच ऐकू आलं. मदतीला कुणीही उठलं नाही.