सायकलींचा हिरवा पट्टा

मंडईच्या रस्त्यावर सायकलींसाठी आखलेल्या हिरव्या पट्ट्यात मोटार उभी होती. नलिनीताईंनी काच ठोठावली. "गाडी काढा. हा सायकलींचा रस्ता आहे."

"लगेच काढतो, मावशी. बायको औषध घ्यायला गेलीय," आतला माणूस म्हणाला आणि त्याने काच वर केली.

याच रस्त्यावर नलिनीताईंची मुलगी केतकी कॉलेजला जाताना सायकलसकट बसखाली गेली होती. त्यानंतर नलिनीताईंनी महापालिकेत खेटे घातले, दुकानदारांच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठे हा पट्टा झाला. आता त्यावर स्कूटर, हातगाड्या, मोटारी. त्यांच्यादेखत एक शाळकरी मुलगी मोटारीला वळसा घालून बसच्या पुढ्यातून सायकल दामटत गेली.

मागून हॉर्न वाजला. त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला होता. त्याचीही गाडी पट्ट्यातच उभी.

"अमोघ, इथे? अरे, तुझ्या बहिणीसाठी..."

"आई, सगळेच लावतात गं. मी एकट्याने न लावून काय होणारेय? बस लवकर."

वाद घालायला त्यांच्यात त्राणच उरलं नव्हतं. त्या गाडीत बसल्या आणि घर येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.